प्रांजळ आणि चूक: आत्मकथनातील आठवणीच्या प्रामाण्याविषयी

मराठी आत्मचरित्रांविषयी आजवर जे समीक्षालेखन झाले आहे त्यात एक निकष इतक्या सातत्याने वापरला गेला आहे, की तो एक निकष आहे आणि म्हणून तपासून घेण्याजोगा आहे, हेच आपल्या ध्यानात येत नाही. हा निकष म्हणजे प्रांजळपणा. अमुक लेखिकेने काहीही हातचे राखून ठेवलेले नाही, अमुक लेखकाने स्वतःच्या दोषांवर पांघरूण घातले आहे, अशा वाक्यांनी आत्मचरित्राचे मूल्यमापन सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच संपतेही. १९९० मध्ये सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' प्रसिद्ध झाले त्यानंतरच्या चर्चेतही बाजू घेणारे आणि विरोध करणारे असे दोन्ही पक्ष याच एका शब्दाच्या भोवती फिरत राहिले. या शब्दामागे एक गृहीतक दडलेले आहे. भूतकाळ लेखकाच्या मनात जसाच्या तसा जपून ठेवलेला असतो. तो कागदावर येण्याच्या वाटेत अडसर असलाच तर तो लेखकाच्या इच्छेचा, भिडेचा वा अहंकाराचा. तो दूर झाला की सत्य आपोआप हाती येते, असे हे गृहीतक आहे. म्हणजे आत्मचरित्र खोटे ठरण्याचे एकच कारण आपण मानतो: लबाडी.

आठवण म्हणजे अशी कोठारातली वस्तू नव्हे, ही गोष्ट मानसशास्त्राने आता पुरेशा पुराव्यानिशी दाखवून दिली आहे. तरीही त्याचा परिणाम आपल्या वाचनपद्धतीवर झालेला दिसत नाही. झाला आहे तो उलट्या टोकाला: सगळेच आत्मकथन ही एक रचना आहे, तेव्हा त्यात खरेखोटे विचारणेच अडाणीपणाचे, असा एक सूर उत्तर-संरचनावादी परिभाषेच्या आधाराने निघू लागला आहे. हे दोन्ही मार्ग आळसाचे आहेत असे मला वाटते. शिवाय दुसऱ्या मार्गाची किंमत कोणाला मोजावी लागते हेही पाहायला हवे. ज्यांच्यापाशी आठवणीखेरीज दुसरा दस्तऐवज नाही, त्यांनाच ती मोजावी लागते.

प्रांजळपणा आणि सत्य यांची फारकत होऊ शकते हे आपल्या परंपरेला ठाऊक नव्हते असे नाही. महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलोपाख्यान आणि कालिदासाचे नाटक यांतला सर्वांत मोठा फरक नेमका याच मुद्द्यावरचा आहे. महाभारतातल्या दुष्यंताला सारे आठवते आहे. तो भर सभेत शकुंतलेला ओळख देत नाही ती जाणूनबुजून. आणि आकाशवाणी झाल्यावर, आपल्याला ठाऊक होते पण लोकांची खात्री पटावी म्हणून असे केले, असा खुलासा करतो. तेथे प्रश्न नीतीचा आहे. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि मुद्रिका आणली आणि हा प्रश्न मुळापासून बदलला. त्याचा राजा खोटे बोलत नाही. तो मनापासून आठवण्याचा प्रयत्न करतो आणि त्याला काहीही आठवत नाही. राजाची प्रतिष्ठा सांभाळण्यासाठी कालिदासाने ही सोय केली, असे बहुधा सांगितले जाते. ते खोटे नाही. पण या सोयीतून जे निष्पन्न झाले ते महाभारतातल्या प्रसंगापेक्षा कितीतरी भयंकर आहे. लबाड माणसाला खिंडीत गाठता येते. त्याची लबाडी उघडी पाडता येते. प्रांजळपणे विसरलेल्या माणसापुढे फिर्यादीला बोलायला जागाच उरत नाही.

पाचव्या अंकात शकुंतला काय करते ते पाहावे. प्रथम ती अंगठी शोधते. ती बोटात नाही. मग ती एका प्रसंगाची आठवण सांगते: आश्रमातल्या हरिणाच्या पाडसाने राजाच्या हातून पाणी घेतले नाही, तिच्या हातून घेतले, आणि त्यावर दोघांमध्ये काय थट्टा झाली. दोघांखेरीज कोणालाही ठाऊक असणे शक्य नाही असा हा तपशील आहे. आठवणीच्या खरेपणाची याहून चांगली खूण कोणती द्यावी? पण राजसभेत तिची किंमत शून्य ठरते, कारण ती फक्त सांगितलेली आहे. पुढे अंगठी सापडते तेव्हा हीच हकीकत एका क्षणात खरी होते. (ज्याच्या हाती ती प्रथम लागते तो कोळी चोर ठरून मार खातो, हेही लक्षात असू द्यावे. वस्तूची साक्षसुद्धा ती कोणाच्या हातात आहे यावर अवलंबून असते.) त्याच अंकाच्या आरंभी हंसपदिकेचे गाणे ऐकून राजा अकारण व्याकुळ होतो. त्याला व्याकुळ कशामुळे झालो हे कळत नाही आणि तो त्याचा संबंध जन्मांतरीच्या स्नेहाशी लावतो. घटना पुसली गेली आहे, तिचा भाव शिल्लक आहे, आणि त्या भावाला चिकटवायला मन भलतेच कारण शोधते आहे. स्मरणाच्या कार्यपद्धतीचे इतके नेमके चित्रण क्वचितच कोठे सापडेल.

नैयायिकांनी स्मृतीला प्रमेच्या बाहेर ठेवले ते याच अडचणीमुळे. स्मृती केवळ संस्कारापासून उत्पन्न होते. तिचा विषय तिच्यापुढे नसतो. तेव्हा तिची यथार्थता ती ज्या मूळ अनुभवावर उभी आहे त्याच्याकडून उसनी घेतलेली असते, असा त्यांचा एकंदर विचार. जैन तार्किकांनी मात्र स्मृतीला परोक्ष प्रमाणांमध्ये जागा दिली, कारण ती काढून टाकली तर ओळख पटवणे आणि अनुमान करणे यांचा पायाच निखळतो. हा वाद येथे सोडवायचा नाही. पण उसन्या प्रामाण्याची कल्पना आत्मचरित्राच्या वाचकाने जवळ ठेवण्यासारखी आहे. मात्र संस्कार एकदा उमटला की तो तसाच राहतो, मावळतो तेवढा फक्त, ही जी समजूत तिच्यात अंतर्भूत आहे ती आधुनिक प्रयोगांपुढे टिकत नाही.

हेर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये निरर्थक अक्षरसमूह पाठ करून विसरण्याचा वेग मोजला, तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न एवढाच होता, की किती उरते. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ च्या आपल्या ग्रंथात प्रश्न बदलला: जे उरते ते कसे दिसते? त्याने इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक भुतांच्या युद्धाची लोककथा वाचायला दिली आणि काही काळाच्या अंतराने ती पुनःपुन्हा लिहून घेतली. कथा आखूड होत गेली हे अपेक्षितच होते. पण ती इंग्रजही होत गेली. सीलची शिकार जाऊन मासेमारी आली. आदिवासींची डोंगी जाऊन साधी होडी आली. कथेचा जो भाग त्यांच्या जगात बसत नव्हता तो, म्हणजे भुतेच, गळून पडली किंवा सयुक्तिक झाली. सांगणारे लबाडी करीत नव्हते. त्यांनी जे आठवले ते त्यांना ठाऊक असलेल्या जगाच्या साच्यातून आठवले.

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवून प्रश्न विचारले. काहींना विचारताना गाड्या एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता असा जोरकस शब्द वापरला, काहींच्या बाबतीत सौम्य. आठवड्याने त्यांना फुटलेली काच दिसली होती का असे विचारले. काच फुटलेलीच नव्हती. जोरकस शब्द ऐकलेल्या पन्नासांपैकी सोळांना ती दिसल्याचे आठवत होते. सौम्य शब्द ऐकलेल्या पन्नासांपैकी सातांना. प्रश्नातले एक क्रियापद जर आठवणीत काच फोडू शकते, तर पन्नास वर्षे घरात, नातलगांत, सभांत सांगितल्या गेलेल्या हकीकतीत किती शब्दांनी काय काय फोडले आणि सांधले असेल? आत्मचरित्र ही लेखकाने पहिल्यांदा सांगितलेली गोष्ट जवळजवळ कधीच नसते. आणि सांगणे ही आठवणीच्या बाबतीत निरुपद्रवी क्रिया नाही. २००० साली करीम नादेर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की पक्की झालेली भीतीची आठवण पुन्हा जागवली गेली की काही काळ ती पुन्हा कच्ची होते आणि तिला नव्याने पक्के व्हावे लागते. उंदराच्या भीतीवरून माणसाच्या आत्मचरित्राकडे थेट उडी मारणे धाडसाचे होईल. पण आठवण काढणे म्हणजे कपाटातून वही काढून वाचणे नव्हे, त्या वहीत पुन्हा लिहिणेही आहे, ही दिशा त्यातून स्पष्ट होते.

आपला आपल्या आठवणीवर जो विश्वास असतो तो तिच्या खरेपणाचे माप नव्हे, ही आणखी एक अवघड गोष्ट. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर फुटले. दुसऱ्या दिवशी अल्रिक नायसरने एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून, ही बातमी तुम्हाला कोठे, कशी, कोणाकडून कळली, हे लिहून घेतले. अडीच-पावणेतीन वर्षांनी त्यांपैकी चव्वेचाळीस जणांना पुन्हा तेच विचारले. अकरा जणांची उत्तरे मुख्य मुद्द्यांत पूर्णपणे वेगळी निघाली. तिघांचीच तंतोतंत जुळली. पण चूक असलेल्यांपैकी कित्येक ठाम होते. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला मूळ कागद दाखवल्यावरही जुनी आठवण परत आली नाही. खुद्द नायसरची स्वतःची हकीकत तर प्रसिद्धच आहे. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाल्याचे आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत असताना ऐकले, असे त्याला वर्षानुवर्षे स्पष्ट आठवत होते. डिसेंबरात बेसबॉलचे सामने होत नाहीत हे त्याच्या फार उशिरा ध्यानात आले. पुढे दोघा अभ्यासकांनी दाखवून दिले, की त्या दिवशी फुटबॉलचा सामना प्रक्षेपित होत होता आणि त्यातल्या संघांची नावे बेसबॉलच्या संघांसारखीच होती. म्हणजे आठवण निराधार नव्हती. तिने एक तुकडा बदलला होता, आणि तो ज्या मुलाला बेसबॉलचे वेड होते त्याच्या आयुष्याला शोभेल असा बदलला होता.

आता या सगळ्याचे आत्मचरित्राच्या वाचकाने करायचे काय? सर्वत्र संशय घ्यायचा हे उत्तर सोपे आहे, आणि चुकीचे आहे. नायसरचाच १९८१ मधला आणखी एक लेख येथे अधिक उपयोगी पडतो. वॉटरगेट प्रकरणात जॉन डीन याने १९७३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे निक्सनशी झालेली संभाषणे इतक्या तपशिलाने सांगितली, की त्याला लोक ध्वनिमुद्रण यंत्रच म्हणू लागले. नंतर प्रत्यक्ष ध्वनिफिती बाहेर आल्या. नायसरने दोन्ही ताडून पाहिले. १५ सप्टेंबर १९७२ च्या भेटीबाबत डीनने निक्सनच्या तोंडी घातलेली वाक्ये निक्सनने उच्चारलेलीच नव्हती. कोण आधी बोलले, कोणत्या भेटीत काय झाले, याची सरमिसळ होती. स्वतः डीन होता त्याहून मध्यवर्ती होऊन बसला होता. आणि तरीही अध्यक्षांना काय ठाऊक होते आणि काय दडपले जात होते, याबाबत डीन बरोबर होता. अनेक भेटींमधून जे पुनःपुन्हा घडत होते ते त्याच्या आठवणीने एका भेटीत, एका संवादात आणून ठेवले होते. आठवण प्रसंगाशी अप्रामाणिक आणि परिस्थितीशी प्रामाणिक असू शकते, हा या लेखाचा निष्कर्ष मला मराठी आत्मचरित्रांच्या वाचनासाठी फार मोलाचा वाटतो.

कारण मराठी आत्मचरित्रे संवादांनी भरलेली आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. टिळकांचे धर्मांतर १८९५ मधले, लक्ष्मीबाईंचे १९०० मधले. म्हणजे मधले अंतर तीन-चार दशकांचे, आणि बालपणीच्या प्रसंगांचे तर सहा दशकांच्या जवळ जाणारे. पण पुस्तक उघडावे तर माणसे आपल्यासमोर बोलत असतात, भांडत असतात, एकमेकांना चिमटे काढीत असतात. हे संवाद शब्दशः आठवलेले असणे शक्य नाही. यावर प्रांजळपणाच्या निकषाकडे उत्तर नाही. तो एक तर डोळेझाक करतो किंवा लक्ष्मीबाईंची स्मरणशक्ती अलौकिक होती असे म्हणून मोकळा होतो. 'रचना'वाद्यांचे उत्तर तयारच असते: हे कादंबरीचे तंत्र आहे. मला वाटते, हे संवाद म्हणजे डीनच्या संवादांसारखे आहेत. टिळक एका प्रसंगी काय बोलले याची ही नोंद नसून टिळक कसे बोलत असत आणि त्यांच्याशी कसे बोलावे लागे याची नोंद आहे. त्या दृष्टीने पाहिले तर त्यांचे प्रामाण्य कमी होत नाही, ते वेगळ्या जागी सरकते. विनोदसुद्धा येथे पुरावा ठरतो, कारण तो तेव्हाचा नाही. ज्या प्रसंगांनी तेव्हा डोळ्यांत पाणी आणले असेल ते आज हसत सांगितले जात आहेत, आणि हे हसणे १९३० च्या दशकातल्या लक्ष्मीबाईंचे आहे. 'स्मृतिचित्रे' हे शीर्षकच वाचकाला पुरेशी सूचना देते; चित्र हे छायाचित्र नव्हे.

या पुस्तकाच्या आरंभाकडेही या दृष्टीने पाहावे. तो लक्ष्मीबाईंच्या जन्माच्या आधीचा आहे: आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत झालेली फाशी आणि त्याचा धक्का बसून वडिलांचे सोवळ्याने झपाटले जाणे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. जे आपण पाहिलेले नाही ते आपल्या आठवणींच्या पुस्तकात पहिले यावे, याला विसंगती म्हणता येईल. पण मोरिस हाल्बवाक्सने १९२५ मध्ये जे प्रतिपादन केले, की माणूस एकट्याने आठवतच नाही, कुटुंबाच्या, जातीच्या, धर्मसमूहाच्या चौकटीत आठवतो, त्याचे हे ढळढळीत उदाहरण आहे. ते सोवळे या मुलीने रोज सोसले. त्याचे कारण तिने ऐकले. पाहिलेले आणि ऐकलेले यांची वीण तेथे इतकी घट्ट आहे, की उसवून वेगळी करता येत नाही.

ती उसवण्यासाठी मराठी भाषेने मात्र आपल्याला काही साधने दिली आहेत, आणि त्यांचा समीक्षेने फारसा उपयोग केलेला नाही याचे आश्चर्य वाटते. 'म्हणे' हे अव्यय घ्या. 'त्या साली म्हणे मोठा पूर आला होता' या वाक्यातला 'म्हणे' बोलणाराला साक्षीदाराच्या जागेवरून उठवून श्रोत्याच्या जागी बसवतो. एकदा सांगितलेली गोष्ट पुढच्या वेळी सांगताना हा 'म्हणे' गळाला, की ऐकीव गोष्ट पाहिलेली होते. आणि तो पहिल्यांदा गळतो तो बहुधा आठवणीत; लेखणीतून गळण्याची पाळी नंतर येते. दुसरे साधन रीतिभूतकाळाचे. 'आजी पहाटे उठून दळायला बसे' आणि 'आजी पहाटे उठली आणि दळायला बसली' या दोन वाक्यांत स्मरणाचे दोन निराळे व्यापार आहेत. एन्डेल टल्विंगने १९७२ मध्ये प्रसंगस्मृती आणि अर्थस्मृती असा भेद केला. मराठीचा रीतिभूत या दोहोंच्या सीमेवर उभा आहे. शेकडो पहाटांची मिळून झालेली ती एक पहाट असते. तिला तारीख नसते; आणि म्हणूनच तिला खोडून काढणे कठीण असते. आत्मकथनात निवेदन रीतिभूतातून एकदम साध्या भूतकाळात उतरते, 'बसे' चे 'बसली' होते, त्या सांध्यावर वाचकाने थबकावे. तेथे लेखक एका विशिष्ट दिवसाचा दावा करतो आहे. तो दावा कशाच्या बळावर, हे विचारण्याची जागा ती.

तिसरी गोष्ट वाक्यरचनेतच आहे. मराठीत 'मला आठवते' असे म्हणतात. तेथे मी कर्ता नसतो, आठवण माझ्याकडे येते. पण 'आठवण काढणे' ही मी करण्याची क्रिया आहे, आणि ती पुष्कळदा दुसऱ्याच्या सोबतीने केली जाते. पहिल्यात येण्याची अनिवार्यता, दुसऱ्यात निवड. आत्मचरित्र 'मला आठवते' या रूपात बोलते आणि 'आठवण काढणे' या रूपात लिहिले जाते. प्रांजळपणाचा सगळा निकष पहिल्या रूपाला भुललेला आहे.

विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' इतकी या प्रश्नाची कसोटी पाहणारी दुसरी संहिता मराठीत नाही. वरसईचा हा भिक्षुक १८५७ मध्ये चुलत्याबरोबर उत्तरेकडे गेला तो बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने; आणि सापडला बंडात. झाशीचा वेढा आणि १८५८ च्या एप्रिलातला झाशीचा पाडाव त्याने शहराच्या आत राहून पाहिला. हे सारे त्याने लिहिले सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून, आणि आपल्या मृत्यूनंतरच ते छापावे या अटीवर. वैद्यांनी १९०७ मध्ये ते छापले, पण भाषेवर हात फिरवून आणि काही भाग वगळून. मूळ हस्तलिखितानुसार संहिता वाचकांपुढे यायला १९६६ साल उजाडावे लागले. ते काम दत्तो वामन पोतदारांचे. म्हणजे आपल्या हाती जे आहे त्यात १८५८ चा साक्षीदार, पंचवीस वर्षांनंतरचा निवेदक आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचा संपादक असे तीन थर आहेत.

बंडाची कारणे सांगताना गोडसे कलकत्त्यात भरलेल्या राजेरजवाड्यांच्या सभेची आणि इंग्रजांनी तेथे मांडलेल्या, धर्म बुडवू पाहणाऱ्या कलमांची हकीकत सांगतात. इतिहासाला अशी सभा ठाऊक नाही. ही ऐकीव गोष्ट आहे, आणि तिचा 'म्हणे' गळालेला आहे. उलट झाशीच्या लुटीचे वर्णन, सोन्यारुप्यापासून सुरू झालेली लूट भांड्याकुंड्यांपर्यंत आणि धान्यापर्यंत कशी उतरत गेली याचे तपशील, लपून बसलेल्या माणसाची तहान, हे अंगावरून गेलेले आहे. इतिहासकार पहिले टाकून दुसरे घेतो, आणि त्याच्या कामापुरते ते योग्यच आहे. समीक्षकाने मात्र पहिले टाकू नये. न घडलेली सभा ही १८५७ च्या भिक्षुकवर्गाच्या भयाची अचूक नोंद आहे. विधवाविवाहाचा १८५६ चा कायदा, काडतुसे, मिशनरी या सुट्या सुट्या गोष्टी लोकांच्या मनात एका सभेत, एका यादीत गोळा झाल्या. डीनच्या मनात अनेक भेटी एका भेटीत गोळा झाल्या तशाच.

आणि मग ती विहिरीची भेट. झाशी सोडून काल्पीकडे जाताना गोडश्यांना वाटेत राणी भेटते. ती तहानलेली आहे. ते पाणी काढून देऊ पाहतात, तर विद्वान ब्राह्मणाने माझ्यासाठी पाणी ओढू नये म्हणून ती स्वतःच मडके विहिरीत सोडते आणि आपल्या नशिबाविषयी दोन वाक्ये बोलते. मराठी वाचकाच्या मनातली राणी बव्हंशी या प्रसंगातून घडलेली आहे, आणि त्याला साक्षीदार एकच. हे संवाद शब्दशः खरे असतील का? आतापर्यंत जे पाहिले त्यावरून नाही असेच म्हणावे लागेल. पंचवीस वर्षे ही हकीकत घरोघर किती वेळा सांगितली गेली असेल! राणी तोवर दंतकथा झाली होती आणि दंतकथेला साजेशी वाक्ये आठवणीत उगवतात. पण प्रसंगाचा कणा पाहावा: सत्ता गेलेली स्त्री, दक्षिणेसाठी घर सोडलेला ब्राह्मण, आणि पाण्याच्या एका भांड्यावरून दोघांनीही पाळलेला आचार. एवढ्या पडझडीतही कोणी कोणासाठी पाणी काढायचे याचा नियम जागा आहे. हा तपशील दंतकथेच्या गरजेचा नाही. दंतकथेला घोडा आणि तलवार पुरली असती. जो तपशील सांगणाराच्या कथेला उपयोगी नसताना टिकून राहतो त्याचे वजन अधिक मानावे, असा एक कामचलाऊ नियम येथे सुचवावासा वाटतो. तो नेहमी चालेल असे नाही. नायसरचा बेसबॉलही कोणाच्या उपयोगाचा नव्हता.

आता ज्यासाठी हा सारा खटाटोप, त्याकडे येऊ. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले, १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे 'उपरा', १९८६ मध्ये बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं', १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या'. या पुस्तकांवर अतिरंजिततेचा आक्षेप वेळोवेळी घेतला गेला. इतके भोगले असेल का, लहान मुलाला इतके आठवते का, असा त्याचा सूर. स्मृतीच्या अविश्वसनीयतेचे शास्त्र या आक्षेपाच्या हाती आयते कोलीत देऊ शकते. पाश्चात्त्य न्यायालयांत ते शास्त्र पीडितांच्या साक्षीविरुद्ध वापरले गेलेलेच आहे. म्हणून ते शास्त्र नेमके काय सांगते हे काटेकोरपणे पाहणे आवश्यक ठरते. ते तारखा, क्रम, शब्द, कोण कोठे उभे होते, यांविषयी शंका घ्यायला सांगते. वर्षानुवर्षे, घरोघर, पिढ्यान्पिढ्या जे घडत आले त्याविषयी शंका घ्यायला ते सांगत नाही. 'जिणं आमुचं' मध्ये बराचसा मजकूर असाच आहे. आषाढातले देवकार्य, पोतराज, सासुरवाशिणीचे हाल, महारवाड्याचे दैनंदिन जिणे. शीर्षकातच 'आमुचं' आहे. हे एकवचनी स्मरण नव्हे. त्याला खोटे पाडायचे तर एका बाईची आठवण खोटी पाडून भागणार नाही, एक वस्तीच खोटी पाडावी लागेल. बेबी कांबळे यांनी स्वतःच्या संसाराबद्दल या पुस्तकात फार थोडे सांगितले आहे. प्रांजळपणाच्या निकषावर ही उणीव ठरेल. मला ती या पुस्तकाच्या प्रामाण्याची अट वाटते.

'बलुतं' ची रचना याहून वेगळी आणि अधिक सावध आहे. तेथे दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. फिलिप लजन याने १९७५ मध्ये आत्मचरित्राची व्याख्या लेखक, निवेदक आणि नायक यांच्या नावाच्या एकत्वावर बांधली. तो त्याला करार म्हणतो. दया पवारांनी हा करार मोडला नाही, त्यातली भेग दाखवली. शिकलेला, शहरात नोकरी करणारा, लिहिणारा माणूस आपल्या बालपणाचा सरळ साक्षीदार होऊ शकत नाही. त्याला ते दुसऱ्याकडून ऐकावे लागते, आणि तो दुसरा आपणच असतो. या युक्तीचा उल्लेख बहुतेक समीक्षकांनी 'दुभंगलेले व्यक्तिमत्त्व' या शब्दांत केला आहे. ते खरेच, पण त्यात स्मरणाविषयीचा एक प्रामाणिकपणाही आहे. दगडू सांगतो ते दयाला पुन्हा कधीच पूर्णपणे 'मला आठवते' असे म्हणता येणार नाही.

इटलीतल्या तेर्नी गावच्या पोलाद कामगारांच्या आठवणी अलेस्सांद्रो पोर्तेल्ली याने गोळा केल्या. १७ मार्च १९४९ रोजी नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांकडून मारला गेला. पण पोर्तेल्लीला भेटलेल्यांपैकी अनेकांच्या आठवणीत तो १९५३ मध्ये मेला, कारखान्यातून हजारो माणसे काढून टाकली गेली तेव्हाच्या रस्त्यावरच्या लढाईत. चार वर्षांची ही चूक पोर्तेल्लीने दुरुस्त करून सोडून दिली नाही. आपला माणूस एका परराष्ट्रधोरणाच्या निदर्शनात, जवळजवळ अपघाताने मरावा आणि त्याचे उत्तर आपण देऊ शकलो नाही, हे त्या कामगारांना सोसत नव्हते. म्हणून त्यांच्या सामूहिक स्मरणाने त्याचे मरण जेथे ते लढले तेथे नेऊन ठेवले. चूक आहे हे कळण्यासाठी पोर्तेल्लीला १९४९ ची वृत्तपत्रे लागली, हे मात्र विसरू नये. तारखेचा आग्रह सोडला असता तर त्याला ही चूक दिसलीच नसती, आणि तिचा अर्थही नाही. जे म्हणतात की आत्मकथनाबाबत खरेखोटे विचारूच नये, ते या अर्थालाही मुकतात.

आपल्याकडे या कामाची सुरुवात कोठून व्हावी याचे एक उत्तर समोर आहे. 'माझा प्रवास' चे १९०७ आणि १९६६ चे पाठ शेजारी ठेवून, ओळीओळीने वाचायला हवेत. घटना कोणत्या गाळल्या हे पाहण्यासाठी तर हवेतच, पण वैद्यांनी कोठे 'म्हणे' काढला, कोठे रीतिभूताचा साधा भूतकाळ केला, कोठे ऐकिवाला पाहिल्याचे रूप दिले, हे पाहण्यासाठी अधिक. तशीच गोष्ट दलित आत्मकथनांच्या मासिकांतल्या आणि पुस्तकरूपातल्या पाठांची. 'जिणं आमुचं' पुस्तक होण्याआधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले होते. ते अंक ग्रंथालयांत आहेत, पण कागद पिवळा पडून तुटू लागला आहे.